गांगुर्डे सरांची भातुकली

गांगुर्डे सर आमच्या शाळेत आले ते रिक्षातून, आणि त्या रिक्षात त्यांच्यापेक्षा जास्त जागा कांद्याच्या गोणीनं अडवली होती. मी फाटकातच उभी होते. मला वाटलं, मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, घरासाठी वर्षाचा कांदा मागवला असणार. म्हणून मी सांगितलं, "दादा, गोणी मागच्या दारानं न्या, बाईंचं घर तिकडं आहे." तो माणूस खाली उतरला, गोणी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "मावशी, ही गोणी कॉम्प्युटरच्या खोलीत जायची आहे. कुठं आहे ती?"

कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही चपलासुद्धा नेऊ देत नव्हतो, आणि हा मनुष्य तिथं कांदे घेऊन निघालेला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वरून कुठलीशी योजना आली आणि नाशिकात आमच्या शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले. टीव्हीसारखा डबा, त्याच्यापुढं बटणांची पाटी. आले त्या दिवशी मोठ्या बाईंनी नारळ फोडला. खिडक्यांना जाड निळे पडदे लागले. आणि अख्ख्या शाळेत नव्हता असा एक नवाकोरा छताचा पंखा त्या खोलीत बसला. पंखा तेवढा लक्षात ठेवा, तो पुढं येणार आहे.

मी तिथं प्रयोगशाळेत परिचर होते. बाटल्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे पुसायचे, मास्तरांना चहा करायचा. माझी स्वतःची शाळा चौथीत सुटली होती, ती शाळेत नोकरी लागल्यावर परत भेटली. जे काही लिहिता-वाचता आलं ते फळे पुसता पुसता. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असायची, म्हणून हे सगळं मला दिसलं.

योजना अशी होती, की जिल्ह्यातल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी दर महिन्याला आमच्याकडं यायचं आणि वर्गात कॉम्प्युटर कसा वापरायचा ते शिकून जायचं. नुसतं बटणं दाबायला नाही. जगातली एक गोष्ट घ्यायची, ती कशी चालते त्याचे नियम काढायचे, ते नियम कॉम्प्युटरला सांगायचे आणि मग पडद्यावर ती गोष्ट चालवून बघायची. त्याला मॉडेल म्हणायचे. हे शिकवायला नेमलेले गांगुर्डे सर. मूळचे बागलाणातल्या नामपूरचे, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. वडील कांदा पिकवायचे. सर कुठंतरी लांब जाऊन हे कॉम्प्युटरचं शिकून आले होते आणि आता बायको-मुलीला घेऊन पंचवटीत दोन खोल्यांत राहायला आले होते.

उंच, काटकुळा माणूस. शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि खिशात पेनाऐवजी खडू, त्यामुळं खिसा सदा पांढरा. वहिनींनी कितीही धुतला तरी तो निघायचा नाही. बोलायचे आपल्यासारखंच नीटनेटकं. पण एकदा का आनंद झाला, की पोटातली अहिराणी वर यायची आणि 'आहे'चं 'शे' व्हायचं. "भारी शे" असं तोंडातून निघालं की समजायचं, स्वारी खूश आहे.

पहिल्या वर्गाला सगळे मास्तर कसे आले होते म्हणता, लग्नाला यावं तसे. कडक इस्त्री, बायकांच्या काठापदराच्या साड्या. लांबच्या लांब सुरगाण्याहून एक चौधरी बाई आल्या होत्या, डोंगरातल्या आश्रमशाळेत गणित शिकवायच्या. अंधारात निघून आधी जीप, मग एसटी करून पोचलेल्या. आणि आमचे स्वतःचे पिंगळे सर. ते आमच्या शाळेचे गणिताचे सर, निवृत्तीला आलेले. डोक्यावर टोपी, अंगात भर उन्हाळ्यातसुद्धा कोट. वर्गात त्यांचं एकच म्हणणं असायचं, "उत्तर एकच असतं, आणि ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावर असतं." उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय त्यांना गणित सुटल्यासारखं वाटायचं नाही. त्या रेघासुद्धा पट्टीनं.

तर ही सगळी मंडळी चपला काढून कॉम्प्युटरच्या दाराशी उभी, आणि गांगुर्डे सर म्हणाले, "मशीन झाकलेलंच राहू द्या. आपण व्हरांड्यात बसू."

व्हरांड्यात सरांनी खडूनं चौकटी आखल्या होत्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. एकेका चौकटीत एकेक मास्तर मांडी घालून बसवला. प्रत्येकाच्या मांडीवर एक कांदा आणि हातात एक फोडलेला चिंचोका, एका अंगानं काळा, एका अंगानं पांढरा.

"ही आमच्या वडिलांची कांद्याची चाळ आहे," सर म्हणाले. "बांबूची, वारं खेळतं अशी. तुम्ही सगळे कांदे. कोपऱ्यातले ते सर सडलेले आहेत असं धरू. मी घंटा दिली की ज्याचा शेजारी सडलेला असेल त्यानं चिंचोका टाकायचा. काळा पडला तर वाचलात. पांढरा पडला तर तुम्हीही सडलात, मान खाली घालायची."

पिंगळे सर चौकटीबाहेरच उभे होते. म्हणाले, "गांगुर्डे, आम्हाला इथं कॉम्प्युटर शिकायला बोलावलंय का भातुकली खेळायला?"

मास्तर लोक खुसखुसले. मला वाटलं, आता नवीन माणूस ओशाळणार. पण गांगुर्डे सरांचा चेहरा फुललाच. "भातुकलीच, सर. तुम्ही नेमकं नाव दिलंत. भातुकलीतला भात खोटा असतो. पण आधी तांदूळ धुवायचे, मग चूल पेटवायची, मग वाढायचं, हे खरं असतं की नाही? मॉडेल म्हणजे तेच. भात खोटा, रीत खरी. बसा."

त्या दिवसापासून जिल्हाभर त्यांचं नाव भातुकली सर पडलं. त्यांना ते आवडायचं.

पिंगळे सर बसले. नेमके त्या सडलेल्या कोपऱ्याच्या शेजारी. पहिली घंटा झाली आणि त्यांचा चिंचोका पांढरा पडला.

"हा धक्का लागून पडला," पिंगळे सर म्हणाले.

"सर, मान खाली."

"मी परत टाकतो."

"कांद्याला परत टाकता येत नाही, सर."

त्यांनी मान खाली घातली, पण रागानं. घंटा होत गेल्या, माना खाली होत गेल्या आणि शेवटी अख्खा व्हरांडा मान खाली घालून बसला. शाळेतलं कोणी वारल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात चौधरी बाईंनी मान वर केली. "सर, असं असतं तर बाजारात एकसुद्धा कांदा आला नसता. तुमच्या वडिलांनी शेती सोडली असती."

गांगुर्डे सर जागच्या जागी थांबले. मग बोट वर करून सगळ्यांना विचारलं, "राहिलं काय?"

हे त्यांचं ठरलेलं बोलणं. दिवसातून कितीदा तरी यायचं. काही चुकलं की बाकीचे विचारतात, चुकलं कोणाचं. हे विचारायचे, राहिलं काय.

"निवडणाऱ्या बाया राहिल्या," चौधरी बाई म्हणाल्या. "चाळीत बसून सडका कांदा उचलून बाहेर टाकतात त्या."

"भारी शे," सर म्हणाले.

मग काय, पुन्हा डाव. या वेळी चौधरी बाई निवडणारी. त्या चौकटींमधून फिरायच्या, खाली गेलेली मान दिसली की खांद्याला हात लावायच्या. पहिल्याच फेरीत त्या पिंगळे सरांपाशी आल्या. "सर, उठा. तुम्ही सडलात."

"मी उठणार नाही. इतकी वर्षं नोकरी झाली, मला कोणी असं उठवलेलं नाही."

"सर, तुम्ही बसून राहिलात तर शेजारचे सडतील."

शेजारचे मास्तर हात जोडून म्हणाले, "उठा ना सर, माझी चाळिशीसुद्धा झालेली नाही." मोठ्या बाई खांबामागं पदर तोंडाला लावून हसत होत्या. पिंगळे सर उठले, कोट झटकला आणि तडक स्टाफरूममध्ये निघून गेले. चौकट रिकामी राहिली तेव्हा तिथंच सडणं थांबलं. दुपारी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, तेव्हा पडद्यावर तेच, ठिपक्यांचं. मास्तरांना एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही. एकमेकांना दाखवत होते, हा बघा तुम्ही, हा बघा मी, आणि हे बघा पिंगळे सर गेले.

सरांच्या हाताला लागेल त्या गोष्टीचं मॉडेल व्हायचं. माझा चहासुद्धा सुटला नाही. किटलीत थर्मामीटर घालून बसायचे, आणि तो थर्मामीटर मीच सकाळी तेजाबाच्या बाटलीशेजारून उचललेला, म्हणून मी तो आधी दोनदा धुऊन द्यायची. चहा किती वेळात निवतो त्याचे नियम काढून त्यांनी पडद्यावर वक्र रेघ काढली आणि स्टाफरूममध्ये जाहीर केलं, की तास संपवून पिंगळे सर येतील तेव्हा चहा पिण्याजोगा असेल. पिंगळे सर आले, एक घोट घेतला आणि चहा ठेवून दिला. "गार."

"असं कसं? मॉडेल म्हणतं कोमट." सर कपाकडं बघत बसले. "राहिलं काय?"

पिंगळे सरांनी समोरची बशी पुढं सरकवली. "मी चहा बशीत ओतून पितो. सगळा महाराष्ट्र पितो. बशी धरली होती का तुम्ही हिशोबात?"

झालं. गांगुर्डे सरांनी अक्षरशः पिंगळे सरांचा हात हातात घेतला. "सर, तुमच्यासारखा माणूस मला पाहिजे. भारी शे." पिंगळे सरांनी हात सोडवून घेतला, पण मी बघितलं, ते खाली बघून मिशीत हसत होते.

तरीही पिंगळे सरांचं कॉम्प्युटरला हात लावायचं नाव नाही. वर्ग चालू असला की भिंतीला टेकून उभे. कोणी म्हटलं, सर, बसा की मशीनवर, तर म्हणायचे, "मला काय करायचंय? माझं गणित खडूनं होतं." खंडेनवमीला मात्र पुढं होते. सगळ्या यंत्रांची पूजा, तशी कॉम्प्युटरचीही केली. पिंगळे सरांनी मनोभावे हळद-कुंकू वाहिलं ते थेट बटणांवर. त्यानंतर पुढच्या संक्रांतीपर्यंत एक बटण चिकटून बसायचं. एकदा दाबलं की तेच अक्षर पडद्यावर ओळभर उमटायचं. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. गांगुर्डे सर बारीक कुंचल्यानं कुंकू काढत बसले आणि म्हणाले, "सरांनी हात लावला, हे काय कमी आहे?"

त्याच सुमारास एक नवीन गोष्ट मला दिसायला लागली. मधल्या सुट्टीत पिंगळे सर माझ्याकडं किल्ली मागायचे. "जरा तिथं बसतो. पंखा चांगला आहे." बरं, उकडतं म्हणून मी किल्ली देत गेले. पण थंडी पडली तरी ते पंख्याखाली बसायला जातच राहिले. मी म्हटलं, म्हातारा माणूस, असतात एकेकाच्या सवयी.

आता एक रीत सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. प्रयोगशाळेत मुलं प्रयोग करायची, तेव्हा उत्तर आधीच ठाऊक असायचं. लंबक टांगायचा, वेळ मोजायची, पण येणारं उत्तर पुस्तकात छापलेलं. मग जो आकडा त्याला सोयीचा नसेल तो खोडून सोयीचा लिहायचा. मुलं करायची, मास्तरांना माहीत असायचं, तपासायला येणाऱ्या साहेबांनाही माहीत असायचं, कारण त्यांनीही लहानपणी तेच केलेलं. त्यात कोणाला वाईट वाटायचं नाही. उत्तर बरोबर आलं पाहिजे, बस्स. आणि साहेब येणार असले की आदल्या दिवशी सगळा पाठ एकदा बसवून घ्यायचा, नाटकाच्या तालमीसारखा.

गांगुर्डे सरांना ही रीत अजिबात सोसायची नाही. कोणाचं उत्तर फारच नेमकं आलं की ते चिंतेत पडायचे.

मग ती बातमी आली. दिल्लीहून पाहुणे येणार, दोन-तीन केंद्रं बघणार आणि ठरवणार कुठलं ठेवायचं. नाशिकचं आवडलं तर कॉम्प्युटर इथंच राहणार, गांगुर्डे सर राहणार, मास्तरांचे वर्ग चालू राहणार. नाही आवडलं तर मशीनं खोक्यात आणि सर परत नामपूरला. पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत वहिनींनी नुकतंच कुठं बस्तान बसवलं होतं, मुलगी बालवाडीत रुळली होती. पण सरांच्या तोंडी भलतंच. म्हणाले, "मावशी, केंद्र आणखी लांब गेलं तर सुरगाण्याच्या बाईंनी जायचं कसं?"

आदल्या दिवशी तालीम झाली. सगळे मास्तर हजर. सरांनी तोच कांद्याच्या चाळीचा कार्यक्रम मशीनवर लावला. सडलेला ठिपका पडद्यावर विझायचा. पहिल्यांदा चालवला तर सगळे ठिपके सडून पडदा काळा. परत चालवला तर एकच ठिपका सडला आणि पुढं काही झालंच नाही. कारण मशीनसुद्धा आपल्या मनातल्या मनात चिंचोका टाकायचं. कार्यक्रमात तशी एक ओळच होती, सगळे तिला चिंचोक्याची ओळ म्हणायचे. नशीब दरवेळी वेगळं, म्हणून चित्र वेगळं.

मास्तर घाबरले. "सर, उद्या पाहुण्यांसमोर असं दोन तऱ्हेचं निघालं तर?"

"निघू द्या," सर म्हणाले. "तेच तर दाखवायचंय. दरवेळी वेगळं निघतं, पण शंभरदा चालवलं की त्यातून एक चाल दिसायला लागते. निवडणारी बाई घातली की ती चाल कशी बदलते ते बघायचं." आणि मुलीला ताप होता म्हणून ते लवकर घरी गेले. मास्तर मात्र तोंडं पाडून बसले होते. पिंगळे सरांनी माझ्याकडं किल्ली मागितली. पंखा.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुख्य साहेब सफारीतले, बोलायला गोड, हिंदीत बोलायचे आणि सारखे घड्याळाकडं बघायचे. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. गांगुर्डे सरांनी बाह्या दुमडल्या आणि कार्यक्रम चालवला. ठिपके एकेक करत सडत गेले आणि बरोबर निम्म्यावर येऊन थांबले. पडदा निम्मा काळा, निम्मा पांढरा, रांगोळीसारखा देखणा.

साहेबांनी मान डोलवली. सरांनी परत चालवला. पुन्हा तेच. निम्म्यावर थांबला.

"वा," साहेब म्हणाले, "एकदम एक जैसा. बहुत अच्छा काम है." मास्तरांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की मला वाटलं आता टाळ्याच पडणार. मोठ्या बाईंनी मला खूण केली, चहा पुढं कर.

गांगुर्डे सर मात्र पडद्याच्या अगदी जवळ गेले होते. त्यांनी तिसऱ्यांदा चालवला. या वेळी पाहुण्यांना दाखवायला नाही, स्वतःसाठी. एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि पुटपुटले, "आता हा." तो सडला. दुसऱ्यावर ठेवलं. "आता हा वाचणार." तो वाचला. त्यांनी बोट काढलं.

"साहेब, थांबा," ते म्हणाले. "हे चुकलंय."

"सही तो आ रहा है," साहेब म्हणाले.

"म्हणूनच चुकलंय, साहेब. तीनदा चिंचोका टाकला तर तीनदा सारखा पडत नाही. यात कोणीतरी काहीतरी केलंय."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. गप्प बसले असते तर केंद्र राहणार होतं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. सरांनाही.

"कोणी केलं?"

भिंतीजवळून आवाज आला. "मी."

पिंगळे सर पुढं आले. टोपी हातात. "मी केलं. तुमची शोभा व्हायला नको म्हणून. काल ते एकदा असं म्हणालं, एकदा तसं म्हणालं. पाहुण्यांसमोर दोन तोंडांनी बोलणारं यंत्र बरं दिसलं नसतं. उत्तर एकच असावं."

आता फुटणार, असं सगळ्यांना वाटलं. गांगुर्डे सर त्यांच्याजवळ गेले. मग म्हणाले, "सर, पण तुम्हाला ती ओळ सापडली कशी?"

"शोधली."

"कधी?"

"मधल्या सुट्टीत येऊन बसायचो." पिंगळे सरांनी वर बघितलं. "पंखा चांगला आहे."

मागं कोणीतरी फसकन हसलं.

"आणि तिथं घातलंत काय?"

"चिंचोके आधीच टाकून ठेवले होते. घरी, आठवड्याभरापूर्वी, कागदावर चौकटी आखून, वेळ पडली तर असावेत म्हणून. पांढरा, काळा, जो पडेल तो लिहीत गेलो. पहिल्या खेपेला सगळेच सडत होते, दुसऱ्या खेपेला फारच थोडे. निम्मे सडतील असे पडेपर्यंत टाकत राहिलो. आमच्या मंडळी म्हणाल्या, तुम्हाला भूतबाधा झाली. मग ते सगळे ओळीनं यंत्राला दिले आणि सांगितलं, स्वतः काही टाकू नकोस, हे वाच."

गांगुर्डे सरांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "हे मी शिकवलं नव्हतं. हे मी कोणालाच शिकवलं नव्हतं. सर, हाई भारी शे. लई भारी शे." पाहुणे, केंद्र, दिल्ली, सगळं विसरलाच तो माणूस. खुर्ची ओढली, पिंगळे सरांना खांदे धरून मशीनपुढं बसवलं. "आता परत पहिल्यासारखं करा. सगळ्यांसमोर करा."

पिंगळे सरांनी टोपी घातली. एका बोटानं, प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणत, जुनी चिंचोक्याची ओळ परत लिहिली. पूजेचा दिवस सोडला तर वर्षभर ज्या पाटीला हात लावताना त्यांना कोणी बघितलं नव्हतं, तिच्यावर त्यांचं बोट न शोधता जात होतं. मग त्यांनी स्वतः कार्यक्रम चालवला. पडदा सगळा काळा. परत चालवला. एकच ठिपका सडला. सगळे मास्तर टाळ्या वाजवत होते. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "मशीन ठीक है ना?"

मी आणलेला चहा गार झाला होता.

महिन्याभरात कळलं, नाशिकचं केंद्र पुढं चालवायचं नाही. कॉम्प्युटर दुसऱ्या शहरात जायचे होते. खोकी बांधताना सर स्वतः सुतळी ओढत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी चहा होईपर्यंत गप्प बसला असतात तर?"

त्यांनी गाठ मारली, ओढून बघितली. "मावशी, गप्प बसलो असतो तर मला कळलंच नसतं, की पिंगळे सरांना सगळं येतं. मग वर्षभर केलं काय मी?" पुढची सुतळी कापली. "वहिनींना मात्र तुम्ही समजवा. त्यांनी परवाच भांड्यांची नवी मांडणी घेतलीय." स्वतःच्या बायकोला ते माझ्यापुढं वहिनीच म्हणायचे.

ते नामपूरला गेले. कॉम्प्युटरची खोली रिकामी झाली, पंखा राहिला. पिंगळे सर निवृत्त होईपर्यंत मधल्या सुट्टीत किल्ली मागत राहिले, पण आत फार वेळ बसायचे नाहीत. निवृत्तीनंतर मधूनच कुठंतरी जायचे. रविवार कारंजाच्या चौकात भेटले की मी विचारायची, कुठं होता सर, तर म्हणायचे, "हवापालटाला." मोठ्या बाईंनाही तेच सांगायचे. हवापालट म्हणजे त्र्यंबकला नाहीतर इगतपुरीला जातील, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढं ते दशक संपत आलं असताना भाचीच्या लग्नासाठी मी नामपूरच्या पुढच्या एका गावी निघाले होते. कांद्याचे दिवस. आमची एसटी नामपूरला आली आणि बाजाराच्या अलीकडं अडकून पडली. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॅक्टर, सगळे कांद्यानं भरलेले. कंडक्टर खाली उतरून चहा प्यायला गेला. मी खिडकीतून बघते तर शेजारी शाळेची बुटकी भिंत, आणि भिंतीपलीकडं लिंबाच्या झाडाखाली मातीत पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या चौकटी. प्रत्येक चौकटीत एक पोर, मांडीवर कांदा. गांगुर्डे सर हातात घंटा घेऊन उभे. केस पांढरे व्हायला लागले होते. खिसा तसाच.

आणि मधल्या एका चौकटीत, पोरांच्या गर्दीत, कोट घातलेला एक म्हातारा मांडी घालून बसला होता. ऊन एवढं, की आम्ही गाडीत पदरानं वारा घेत होतो. पंख्याचं नाव नाही. त्यांनी चिंचोका उडवला, वाकून बघितला आणि गुमान मान खाली घातली.

दोन वेण्यांची एक चिमुरडी चौकटींतून फिरत आली. त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आजोबा, उठा. तुम्ही सडले."

पिंगळे सर लगेच उठले. आपला कांदा तिच्या हातात दिला, कोट झटकला आणि बाजूला ठेवलेल्या सडक्या पोरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. उभे राहिल्या राहिल्या पुढच्या पोराच्या खांद्यावरून मान उंच करून बघायला लागले, आता कोणाची पाळी ते.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात मोर्चा निघाल्यासारखे सगळे ट्रॅक्टर एकदम हलले, कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी सुटली. गांगुर्डे सर पिंगळे सरांकडं बघून काहीतरी बोलले. भोंग्यांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण शेवटचं अक्षर 'शे' होतं, एवढं त्यांच्या तोंडावरून दिसलं.